घरी आणलेल्या पेशंटची लघवीची नळी कशी सांभाळायची

संध्याकाळी डिस्चार्ज मिळतो, बिल भरून, औषधं घेऊन, टॅक्सी शोधून पेशंटला घरी आणेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात, आणि गादीवर झोपवल्यावर सगळ्यांच्या लक्षात येतं की अंगाला एक नळी आहे, नळीला पिशवी आहे आणि तिचं काय करायचं हे कोणी नीट सांगितलंच नाही. कार्डावर शेवटी ‘कॅथेटर केअर’, म्हणजे नळीची काळजी, एवढंच लिहिलेलं असतं. मी म्युनिसिपल हॉस्पिटलात २२ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीच वर्षं युरोलॉजीच्या, म्हणजे लघवीच्या आजारांच्या वॉर्डात गेली, आता परळ, लालबाग, दादर ह्या भागात घरोघरी जाऊन पेशंट बघते, आणि रात्री-अपरात्री येणारे बरेचसे फोन ह्या नळीचेच असतात. म्हणून प्रत्येक घरी जे तोंडी सांगते तेच इथे लिहितेय, लांबेल जरा, पण घरात नळीवाला पेशंट असेल तर पूर्ण वाचा.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे लघवीची पिशवी म्हणजे पोटातलं मूत्राशयही आणि बाहेर लटकणारी प्लास्टिकची बॅगही, त्यामुळे फोनवर कोणी ‘सिस्टर, पिशवी फुगलीय’ म्हणालं की मला आधी विचारावं लागतं कुठली, कारण बाहेरची फुगली तर रिकामी करायची, पाच मिनिटांचं काम, आणि आतली फुगली तर पेशंटला घेऊन धावायचं. तर इथे पोटातलीला ब्लॅडर म्हणते आणि बाहेरचीला बॅग.

हॉस्पिटल सोडण्याआधीच काही गोष्टी विचारून कार्डावर लिहून घ्या. नळी कशासाठी घातलीय, कुठल्या तारखेला घातलीय, बदलायची कधी, आणि काढायची कधी. हा शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली, ऑपरेशन झालं, कंबरेखालची ताकद गेली, मागे बेडसोअर म्हणजे पडून पडून झालेली जखम आहे आणि लघवीने ते भिजतंय, अशी कारणं असतील तर नळी हवीच, पण नुसतं अंथरुणात लघवी होते आणि सारखं बदलायला त्रास होतो एवढ्यासाठी महिनोन्महिने नळी ठेवू नका, त्यापेक्षा डायपर बरा, पुरुषांसाठी बाहेरून कंडोमसारखी बसवायची पिशवी मिळते ती बरी. काहींना दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून लगेच काढायची पद्धतही शिकवता येते, पॅराप्लेजियाचे, म्हणजे कंबरेखालची ताकद गेलेले, तरुण पेशंट ती स्वतःची स्वतः करतात आणि त्यात कायम ठेवलेल्या नळीपेक्षा इन्फेक्शन कमी होतं. डॉक्टरांना सरळ विचारा, दुसरं काही चालेल का म्हणून, त्यात संकोच कसला.

नळीवर काही लिहिलेलं असतं तेही बघून ठेवा. कागदावर ‘फोलीज कॅथेटर’ असतं ते अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली नावाच्या युरोलॉजिस्टच्या नावावरून, त्याने १९३० च्या दशकात ही फुगा असलेली नळी आणली. नळीच्या बाहेरच्या टोकाला फाटा फुटलेला दिसतो, एक तोंड बॅगला जोडलेलं आणि दुसऱ्या तोंडाला रंगीत टोपणासारखा व्हॉल्व्ह. त्या रंगावरून साइज कळतो, पांढरा असेल तर १२ नंबर, हिरवा १४, केशरी १६, लाल १८. नंबरला ३ ने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये निघते, म्हणजे १६ नंबरची नळी साधारण सव्वापाच मिलिमीटर जाड. आणि नळी गळते म्हणून पुढच्या वेळी जाड घाला असा हट्ट करू नका, जाड नळीने आतली जागा जास्त दुखावते आणि गळणंही वाढू शकतं. पिवळसर रबरी नळी असेल तर ती लॅटेक्सची, ती साधारण दोन ते चार आठवडे चालते, पारदर्शक सिलिकॉनची असेल तर बारा आठवड्यांपर्यंत. तारीख कॅलेंडरवर लिहा, भिंतीवरच्या, मोबाइलात नको, मोबाइल एकाचाच असतो आणि भिंत सगळ्या घराला दिसते.

आता ती नळी आत राहते कशी, तर ब्लॅडरमध्ये गेल्यावर टोकाचा छोटा फुगा पाण्याने फुगवतात, मोठ्या माणसात बहुतेक वेळा १० मिली पाणी असतं, आणि तो फुगा ब्लॅडरच्या तोंडाशी अडकून बसतो. म्हणजे नळी ओढली तर फुगाच ओढला जातो. ज्या पेशंटला भान नाही तो रात्रीत फुगलेल्या फुग्यासकट नळी उपसून काढतो आणि रक्ताची धार लागते, असं झालं तर नळी परत आत ढकलायची नाही, स्वच्छ कपडा दाबून धरायचा आणि हॉस्पिटल गाठायचं.

इन्फेक्शन कुठून येतं हे कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आपल्या शरीराची एक सोय आहे, लघवी जोरात बाहेर पडते तेव्हा वाट धुतली जाते आणि वर चढू बघणारे जंतू वाहून जातात. नळी घातली की ते धुणंच बंद होतं, आणि जंतूंना दोन रस्ते मिळतात. एक नळीच्या बाहेरून, कातडीला लागून, म्हणजे संडासच्या जागेचे जंतू सरकत वर जातात. दुसरा नळीच्या आतून, बॅगच्या खालच्या तोटीतून नाहीतर नळी आणि बॅगच्या जोडातून, आणि हा रस्ता आपण आपल्या हाताने उघडून देतो. एकदा आत गेले की ते नळीच्या भिंतीला बुळबुळीत थर करून बसतात, पाण्याच्या पिंपाला आतून धरतो ना तसा, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि त्या थरात अँटिबायोटिकही नीट पोचत नाही. नळी असलेल्या शंभर पेशंटमधल्या साधारण तीन ते सात जणांच्या लघवीत दर दिवसागणिक नव्याने जंतू सापडू लागतात, महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच. म्हणून नळी काढायची कधी हे विचारा म्हटलं, नळी जितके दिवस कमी तितकं बरं, आणि ती असेपर्यंत तो जोड उघडायचा नाही. माझं सगळं सांगणं ह्या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

हात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी राहून जातं. नळीला, बॅगला, तोटीला हात लावायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा साबणाने धुवायचे, तळवे, बोटांच्या मधे, अंगठा, नखं, पंजाची मागची बाजू, सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. अंगठी काढून ठेवा, बांगड्या वर सारून घ्या. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं, चाळीत तर पिंप भरून ठेवलेलं असतं आणि त्यातच मग बुडवून लोक हात धुतात, तसं करू नका, तोटीची बादली मिळते ती आणा नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी मगाने वरून पाणी ओतायला सांगा. हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझर चालतो, पूर्ण वाळेपर्यंत चोळायचा, २०-३० सेकंद लागतात. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला नको असं नाही. ब्युरोच्या, म्हणजे पेशंट सांभाळायला पगारावर ठेवलेल्या मावशी सकाळी एकदा ग्लोव्हज घालतात आणि त्याच हातांनी शी पुसतात, उशी नीट करतात आणि बॅगची तोटीही उघडतात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय. मावशींवर ओरडू नका, त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं, पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून करून दाखवा, आणि ग्लोव्हजचा डबा घरात ठेवा म्हणजे त्या एकच जोडी दिवसभर वापरणार नाहीत.

रोजची सफाई दिवसातून एकदा आणि शी झाल्यावर प्रत्येक वेळी. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, धुतलेला मऊ कपडा, बस. डेटॉल, सॅव्हलॉन, बिटाडीन रोज लावायची गरज नसते, त्याने इन्फेक्शन काही कमी होत नाही, कातडी मात्र कोरडी पडून चिरते. पावडर नको, रबरी नळीला व्हॅसलिन नको, त्याने लॅटेक्स खराब होतं. बायकांना पुढून मागे पुसायचं, मागून पुढे कधीच नाही, आणि कपड्याची वापरलेली बाजू परत पुढे आणायची नाही. पुरुषांची सुंता झालेली नसेल तर पुढची कातडी हलकेच मागे घेऊन धुवायचं आणि कातडी परत पुढे आणायची, हे परत आणणं विसरलं की कातडी मागेच अडकते, सूज चढते, रक्त अडतं आणि ती इमर्जन्सी होते. त्यानंतर नळी शरीराजवळ दोन बोटांत स्थिर धरायची म्हणजे ओढली जाणार नाही, आणि दुसऱ्या हाताने शरीरापासून लांब अशी चार-सहा बोटं पुसून काढायची, बाहेरून आत नाही. मग कोरडं करायचं. नळीभोवती चिकट पांढरं थोडं जमतंच, ते पू नसतं, धुवून टाकायचं, पण पिवळं-हिरवं, वास मारणारं येत असेल आणि जागा लाल होऊन दुखत असेल तर दाखवा.

हे करायचं कोणी, हा आपल्या घरांतला खरा प्रश्न आहे. सासऱ्यांचं सून कसं करणार, आईचं मुलगा कसं करणार, म्हणून कोणीच करत नाही आणि तीन-तीन दिवस जागा धुतलीच जात नाही. पहिल्याच दिवशी बसून ठरवा. मुलगा वडिलांचं करू शकतो, मी दहा मिनिटांत शिकवलंय आणि बँकेत जाणारी मुलंही छान करतात. पडदा ओढा, वर चादर ठेवा, लागेल तेवढाच भाग उघडा, आणि ‘बाबा, आता धुतोय हं’ असं सांगून करा. ज्यांना स्वतःचं करता येतं त्यांच्या हातात कपडा द्या, त्यांना तेच बरं वाटतं. नळी असताना मगाने अंघोळ करायला काही हरकत नाही, बॅग जोडलेलीच ठेवायची.

बॅग. हिच्यावर जास्त लिहिणार आहे कारण घरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बॅग नेहमी ब्लॅडरच्या खाली हवी, झोपलेला असो, बसलेला असो की उचललेला असो, कारण वर गेली तर बॅगेतली शिळी लघवी नळीतून परत ब्लॅडरकडे वाहते. बऱ्याच बॅगांना उलटं जाऊ नये म्हणून झडप असते पण तिच्या भरवशावर राहू नका. आणि बॅग खाली म्हणजे जमिनीवर नाही, जमिनीला टेकायचीच नाही, तोटी तर अजिबात नाही. आता दहा बाय बाराच्या खोलीत पेशंट जमिनीवर गादीवर असेल तर बॅग लटकवणार कुठे? मी सरळ सांगते, कॉट आणा. सर्जिकलच्या दुकानातून फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडचा भाग वर करता येणारी हॉस्पिटलसारखी कॉट, भाड्याने मिळतो, परळला हॉस्पिटलांच्या आजूबाजूला अशी दुकानं आहेत, सामान घ्यायला प्रिन्सेस स्ट्रीटचा दवाबाजार आहे. तोही जमत नसेल तर साधी लोखंडी खाट, खाली विटा लावून उंच केलेली. बॅग खाटेच्या पट्टीला तिच्या हुकने लटकवा, वर-खाली होणाऱ्या कठड्याला नको, कठडा वर केला की बॅगही वर जाते. बॅगखाली एक स्वच्छ प्लास्टिकचं टब ठेवा, चुकून सुटली तर टबात पडेल.

रिकामी कधी करायची, तर अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की, आणि भरली नाही तरी आठ तासांत एकदा. दोन लिटरची बॅग पूर्ण भरली की दोन किलो वजन नळीला लोंबतं. हात धुवा, फक्त ह्याच कामासाठी ठेवलेला मापाचा जग घ्या, तोटी उघडून लघवी जगात सोडा पण तोटीचं टोक जगाला टेकू देऊ नका, बंद करा, स्पिरिट स्वॅबने टोक पुसा, माप वहीत लिहा, संडासात ओता, जग धुवून उन्हात नाहीतर खिडकीत उपडा वाळवा, परत हात धुवा. पावसाळ्यात काही वाळत नाही तेव्हा जग कोरड्या कपड्याने पुसून ठेवा, ओला जग पलंगाखाली ढकलून देऊ नका. हॉलमध्ये दोन पेशंट असतील, असतात कधीकधी नवरा-बायको दोघं, तर दोघांचे जग वेगळे.

स्वच्छतेच्या प्रेमापायी काही घरं रोज बॅग काढून आतून धुतात आणि परत लावतात. ह्यात जंतूंना रोज एकदा दार उघडून देण्यासारखं होतं. जोड उघडायचाच नाही. बॅग बदलायची ती गळायला लागली तर, आत गाळ साचला किंवा फार वास यायला लागला तर, नळीसोबत, किंवा डॉक्टरांनी जेवढ्या दिवसांनी सांगितलंय तेव्हा. बदलताना हात धुवून, जोड स्पिरिटने पुसून, नव्या बॅगचं टोपण अगदी शेवटच्या क्षणी काढून, टोकाला बोट न लावता घट्ट बसवायची. जोड आपोआप निसटून पडला आणि टोक चादरीला, जमिनीला लागलं तर तीच बॅग पुसून परत लावू नका, नवी लावा आणि तुमच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला कळवा, कधीकधी नळीही बदलावी लागते. जे हिंडतेफिरते आहेत ते दिवसा मांडीला बांधायची छोटी बॅग वापरतात, रात्री मोठी हवी असेल तर छोटी काढायची नाही, छोटीच्याच खालच्या तोटीला मोठी जोडायची, म्हणजे वरचा जोड तसाच बंद राहतो.

नळी मांडीला चिकटवा, बायकांना मांडीच्या आतल्या बाजूला, पुरुषांना मांडीवर वरच्या भागात किंवा ओटीपोटावर, थोडा ढिला वळसा ठेवून, म्हणजे कूस बदलताना ओढ पट्टीवर येते, आत फुग्यावर नाही. पट्टीची जागा एक-दोन दिवसांनी बदला, घामाने कातडी सोलवटते, मे महिन्यात तर फारच. आणि भेटायला येणारे. गणपतीत, दिवाळीत घर भरतं आणि प्रत्येकजण पेशंटच्या उशापायथ्याशी खाटेच्या कडेवर बसतो, अगदी नळी जिथून खाली येते तिथेच. समोर खुर्ची ठेवा आणि सांगा की इथे बसा. बॅगला कापडी खोळ शिवा, पेशंटला चारचौघांत लाज वाटत नाही आणि नळी कुठे आहे हेही लोकांना दिसतं.

ओपीडीला न्यायच्या दिवशी निघण्याआधी बॅग रिकामी करा. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये पेशंटला खुर्चीत बसवून चौघं जिन्याने उतरवतात आणि बॅग पेशंटच्या मांडीवर ठेवतात, टॅक्सीतही मांडीवरच. तसं करू नका, पाचवा माणूस फक्त बॅगचा, त्याने ती खुर्चीच्या बैठकीखाली धरून सोबत उतरायचं, टॅक्सीत पायाशी पण फरशीला न टेकवता. उचलताना दोन-चार सेकंद वर घ्यावीच लागली तर नळी तेवढ्यापुरती दुमडून धरा आणि लगेच सोडा, दुमडलेली विसरू नका.

पाणी. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर दिवसाला साधारण दोन लिटर, थोडं थोडं करून. लघवी फिकट पिवळी दिसली की समजायचं पुरतंय. जवाचं पाणी, धन्याचं पाणी द्या, आवडत असेल तर, पण इन्फेक्शन बरं करायचं औषध म्हणून नाही, आणि किडनीच्या पेशंटला नारळपाणी विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं. पोट साफ राहणं तितकंच महत्त्वाचं, हे लोकांना पटत नाही पण आतड्यात खडा साठला की तो बाजूने ब्लॅडरला आणि नळीला दाबतो, लघवी अडते किंवा नळीच्या बाजूने गळते. किती फोनवर मी विचारते ‘शी कधी झाली?’ आणि उत्तर येतं चार दिवस झाले.

लघवी बॅगेत येणं थांबलं तर काय करायचं ते क्रमाने सांगते. आधी नळी कुठे दुमडलीय का, पेशंट तिच्यावर झोपलाय का बघा. बॅग पूर्ण भरलीय का, वर टांगलीय का, नळीला कुठे चिमटा राहिलाय का. मग कूस बदलून बघा, बसवून बघा. ओटीपोटावर हलका हात ठेवा, टणक फुगलेलं लागलं, पेशंट कळवळतोय, नाहीतर पाणी पिऊनही तीन-चार तास थेंब नाही, तर नळी चोंदलीय आणि लगेच डॉक्टर गाठायचे, दुखतंय तर तेवढे तासही थांबू नका. सिरिंजने पाणी मारून बघू नका, तुम्हाला डॉक्टरांनी शिकवून सांगितलं असेल तरच. काही पेशंटची नळी सारखी चोंदते त्याचं कारण काही जंतू लघवी अल्कली करतात आणि त्यात खडूसारखे कण तयार होऊन नळीच्या भोकात जमतात, अशांची नळी तारखेची वाट न बघता लवकर बदलावी लागते, तिसऱ्यांदा चोंदली तर वहीत तारखा दाखवून डॉक्टरांशी हे बोला. ज्यांच्या मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालीय त्यांची नळी चोंदली तर दुखणं कळत नाही, डोकं ठणकतं, चेहरा लाल होऊन घाम फुटतो आणि बीपी झपाट्याने चढतं, तिथे अजिबात वेळ घालवायचा नाही, त्यांना सरळ बसवा, नळीचा दुमडा सोडवा आणि १०८ ला फोन करा.

नळीच्या बाजूने थोडी गळती आणि अधूनमधून ओटीपोटात कळ हे ब्लॅडर आवळल्याने होतं, त्याला गोळ्या मिळतात. बॅगेतही येतंय आणि बाजूनेही गळतंय तर घाबरू नका, फक्त बाजूनेच येतंय आणि बॅग कोरडी आहे तर चोंदलीय समजा.

आता इन्फेक्शन ओळखायचं कसं, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. लघवी गढूळ आहे, वास येतोय, एवढ्यावर इन्फेक्शन म्हणत नाहीत, आधी पाणी वाढवा. कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये जंतू आले पण पेशंटला काहीच त्रास नाही तरीही बहुतेकांना अँटिबायोटिक लागत नाही, गरोदर बाई किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर वेगळं. केमिस्टकडून स्वतःच पाच दिवसांचा कोर्स आणला की नळीतले जंतू मरत नाहीत, जे चिवट असतात ते उरतात, आणि मग खरंच ताप येतो तेव्हा इंजेक्शनचं औषध लागतं. कधी बॅग जांभळी पडते, हो, खरंच जांभळी, घरचे घाबरून फोटो पाठवतात. बद्धकोष्ठ असलेल्या, बरेच दिवस नळी असलेल्या, जास्त करून वयस्कर बायकांमध्ये काही जंतू असे रंग तयार करतात, त्यातला एक तर नीळच. डॉक्टरांना सांगा पण त्या रात्री धावायची गरज नाही. धावायचं ते १००.४ च्या वर ताप, थंडी वाजून हुडहुडी, कंबरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, ओटीपोटात नवीन दुखणं, उलट्या, लघवीत गाठी किंवा लालभडक रक्त, किंवा दिवसभरात सगळी मिळून अर्धा लिटरसुद्धा लघवी नाही, असं झालं तर. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काही दिवस गुलाबीसर येते, त्याबद्दल डॉक्टर सांगतातच.

आणि म्हाताऱ्या माणसांचं वेगळं लिहिते. माझ्या सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, नळीसकट घरी आल्या. कार्डावर काढायची तारीख नव्हती, आणि वॉर्डात दर राउंडला ‘सर, ह्यांची नळी काढायची का’ म्हणून विचारणारी मी, घरच्या माणसाच्या बाबतीत विचारायचं राहिलं. चांगल्या चालायला लागल्या होत्या वॉकर घेऊन, म्हणजे नळीची गरज संपलेली होती. एकोणिसाव्या दिवशी रात्री दहाला मला म्हणाल्या, ‘दादर आलं का गं?’ त्या तीस वर्षं डोंबिवलीहून दादरला नोकरीला येत होत्या. मी म्हटलं झोपेत आहेत. बारा वाजता परत तेच, दारात उतरायला उभं राहिल्यासारखा हात पुढे. अंगाला हात लावला तर ताप नव्हता म्हणून मी झोपू दिलं. पहाटे चारला हुडहुडी भरून १०३ ताप आला, आठवडाभर सलाइनमधून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. मोठ्या वयात ताप उशिरा येतो, कधी येतच नाही, आधी माणूस बडबडतो, ओळखत नाही, नेहमीपेक्षा गळून जातो, जेवण सोडतो. आजी अचानक वेगळं बोलायला लागल्या तर सकाळची वाट बघू नका, मी बघितली, म्हणून सांगतेय. डॉक्टरांनी लघवीचा नमुना मागितला तर तो बॅगेतून कधीच भरून देऊ नका, बॅगेतली लघवी तासन्‌तास साठून जंतू वाढलेली असते, नमुना बॅगच्या नळीवरच्या रबरी ठिपक्यातून सिरिंजने घेतात, आणि बरेच दिवसांची नळी असेल तर आधी नळी बदलून नव्या नळीतून घेतात.

नळी घरी बदलायला सिस्टर किंवा ब्रदर आले तर तुम्ही काय बघायचं? पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, निर्जंतुक ग्लोव्हज घातले का, झायलोकेन जेली, म्हणजे बधिर करणारी जेली, घालून काही मिनिटं थांबले का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, लघवी वाहताना दिसल्यावरच फुगा फुगवला का, कारण ब्लॅडरपर्यंत पोचायच्या आधीच फुगवला तर मूत्रमार्ग फाटतो. फुग्यात निर्जंतुक पाणीच भरायचं, सलाइन नाही, त्यातल्या मिठाचे कण बसून फुग्याची वाट बंद होऊ शकते. प्रोस्टेटवाल्याची पहिली नळी घालताना अवघड गेली असेल तर ते आधी सांगा, अशांची घरी बदलूच नका.

काढायच्या दिवशीही घरच्या घरी नळी कापून काढायची नाही, कात्री लावली की फुगा रिकामा होईलच असं नाही. व्हॉल्व्हला सिरिंज लावून फुग्यातलं सगळं पाणी परत आलं हे मोजून मगच ती हलकेच निघते. शक्यतो सकाळी काढून घ्या म्हणजे अडलं तर दिवसा डॉक्टर मिळतात. नंतर दिवसभर थोडी जळजळ, सारखं जावंसं वाटणं, एखादा थेंब गळणं चालतं. नेहमीइतकंच पाणी प्यायचं, एकदम तांबे भरभरून नको, ब्लॅडर ताणला जातो. प्रत्येक वेळी जगात करायला लावून माप लिहायचं. सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा होतेय पण थेंब थेंब आणि पोट फुगलंय, तर परत हॉस्पिटल. जुनी नळी-बॅग रिकामी करून कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत घाला आणि कचरा नेणाऱ्या ताईंना हातात देताना सांगा आत काय आहे ते. आणि त्या पहिल्या रात्री घरातल्या एकाने पेशंटजवळ झोपा, भांडं हाताशी ठेवा, दर तीन तासांनी विचारा, झाली का, नसेल तर उठवून बसवा, बाथरूमचा दिवा चालू असू दे.